जेनेसिस हा इंग्लिश रॉक बँड १९७५नंतर खरोखर बिघडला का, आणि चाहत्यांमध्ये त्यावरून इतके टोकाचे मतभेद का आहेत?

तुम्ही लिहिले आहे की जेनेसिसशी तुमची ओळख १९८६ सालच्या ‘इनव्हिजिबल टच’ या अल्बममुळे झाली, पुढे एका जाणकार मित्राच्या आग्रहावरून तुम्ही १९७२चा ‘फॉक्सट्रॉट’ ऐकला आणि हा तोच बँड आहे हे तुम्हाला पटेना. मित्राचे म्हणणे असे की मूळ गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडला तेव्हाच बँड संपला आणि त्याच्या जागी गाऊ लागलेल्या ड्रमर फिल कॉलिन्सने बँडच्या नावावर बाजारू गाणी विकली. तुम्हाला मात्र जुनी गाणी लांबण लावणारी आणि नंतरची गाणी आपलीशी वाटतात. दोघांपैकी बरोबर कोण, असा तुमचा प्रश्न आहे. या बँडच्या दोन्ही काळांवर माझे मनापासून प्रेम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगतो. बँड बदलला हे निर्विवाद आहे आणि त्या बदलात काही मोलाचे कायमचे हातचे गेले हेही खरे आहे. मात्र हा बदल गॅब्रिएलच्या जाण्यामुळे झाला नाही आणि तो कॉलिन्सने एकट्याने घडवूनही आणला नाही. गाण्यात गायकाचा आवाज सर्वांत आधी कानावर पडतो, म्हणून गायक बदलला की बँडच बदलला असे ऐकणाऱ्याला वाटते. जेनेसिसमध्ये संगीताची बरीचशी घडण गायकाकडे नव्हती, कीबोर्डवादक टोनी बँक्स आणि बास गिटारवादक माइक रदरफर्ड यांच्याकडे होती, आणि हे दोघे पहिल्यापासून शेवटपर्यंत तेथेच होते.

१९६७ साली इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या चार्टरहाउस या शाळेत शिकणाऱ्या मुलांनी हा बँड सुरू केला. गॅब्रिएल, बँक्स, रदरफर्ड आणि गिटारवादक अँथनी फिलिप्स हे त्याचे मूळ धनी. १९६८ साली निघालेले त्यांचे पहिले गाणे ‘द सायलेंट सन’ हे बी जीज या लोकप्रिय बँडच्या धर्तीवर, निर्मात्याला आवडावे म्हणून मुद्दाम रचलेले होते, आणि १९६९चा पहिला अल्बमही छोट्या छोट्या पॉप गाण्यांचाच होता. जेनेसिसने पॉपशी कधी संबंधच ठेवला नव्हता आणि तो कॉलिन्सने जोडला, हा समज येथेच टिकत नाही. दीर्घ, अनेक अंगांच्या रचना १९७०च्या ‘ट्रेसपास’पासून दिसू लागतात. त्यानंतर फिलिप्स बाहेर पडला, त्याच वर्षी ड्रमर म्हणून फिल कॉलिन्स आला आणि १९७१च्या आरंभी स्टीव्ह हॅकेट गिटारवर आला. म्हणजे तुमच्या मित्राला जे अल्बम शिरोधार्य वाटत असतील त्यांपैकी बहुतेक सर्वांत कॉलिन्स वाजवतो आहे.

तो नुसता वाजवतो आहे असेही नाही. १९७३च्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’मधील ‘द सिनेमा शो’ हे गाणे घ्या. पहिली पाच-सहा मिनिटे बारा तारांच्या गिटारी, बासरी आणि गॅब्रिएलचे गायन. सगळे तरल आणि हळुवार. मग गायन थांबते आणि सात मात्रांच्या आवर्तनात वाद्यांचा एक दीर्घ भाग सुरू होतो. रूपक तालामुळे सात मात्रा आपल्या कानाला परक्या नाहीत, पण येथे त्यांचा वेग आणि जोर निराळाच आहे. रदरफर्ड एकच आकृती धरून ठेवतो, कॉलिन्स दर आवर्तनाला आघातांची जागा किंचित हलवत राहतो आणि बँक्सचा सिंथेसायझर त्यावर एकामागून एक नवी स्वरवाक्ये रचत चढत जातो. जुने चाहते ज्या क्षणांसाठी जीव टाकतात त्यांत या भागाचे स्थान फार वरचे आहे, आणि तो मुख्यत्वे या तिघांचा आहे. ‘फॉक्सट्रॉट’मधील तेवीस मिनिटांच्या ‘सपर्स रेडी’तला नऊ मात्रांचा प्रसिद्ध भागही याच तिघांनी एकत्र वाजवता वाजवता उभा केला आणि गॅब्रिएलने त्यावर शब्द नंतर बसवले. पुढे १९७८पासून ‘बाजारू’ म्हणून ज्या त्रिकुटाला नावे ठेवली गेली, ते हेच त्रिकूट.

गॅब्रिएलचे महत्त्व मला मुळीच कमी करायचे नाही. त्याच्या शब्दांतली विलक्षण कल्पनाशक्ती, एकाच गाण्यात तीन-चार पात्रे आवाजाने उभी करण्याची हातोटी आणि १९७२पासून कोल्ह्याच्या मुखवट्यासारख्या वेशभूषांनी रंगमंचावर निर्माण केलेली भारलेली हवा, यांवाचून बँडकडे कोणाचे लक्ष गेले असते की नाही याची शंका वाटते. १९७४च्या ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ या दुहेरी अल्बमची कथा आणि जवळजवळ सर्व शब्द त्याचे एकट्याचे आहेत. पण त्याच अल्बमच्या वेळी तो शब्द लिहीत वेगळा बसलेला असे आणि बाकीचे चौघे संगीत रचत असत. १९७५ साली तो गेला तेव्हा बँडमधून एक नाट्य गेले, एक लेखणी गेली. संगीताचा कारखाना जागेवरच राहिला.

याचा पुरावा लगेच पुढच्या वर्षी मिळाला. अनेक गायकांची चाचणी घेऊनही मनासारखा कोणी सापडेना, म्हणून शेवटी कॉलिन्सच गायला उभा राहिला आणि १९७६च्या फेब्रुवारीत ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ आला. हा अल्बम इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘विंड अँड वदरिंग’ आला. हे दोन अल्बम गायकाचे नाव न सांगता कोणासमोर ठेवले तर तो त्यांना बिनदिक्कत ‘जुन्या जेनेसिस’मध्ये जमा करील. ‘डान्स ऑन अ व्होल्केनो’मधील आडवातिडवा ताल, ‘मॅड मॅन मून’मधील बँक्सचा पियानो, ‘ब्लड ऑन द रूफटॉप्स’च्या आरंभीचे हॅकेटचे तारेवरचे नाजूक काम, यांत पॉपचा मागमूस नाही. शेवटच्या गाण्याच्या श्रेयात हॅकेटबरोबर कॉलिन्सचे नाव आहे, हे त्याला अडाणी ठरवणाऱ्यांनी आवर्जून पाहावे.

माझ्या मते खरा सांधा १९७७ साली निखळला, हॅकेट गेला तेव्हा. आपण आणलेल्या रचनांना बँडमध्ये पुरेशी जागा मिळत नाही ही त्याची तक्रार होती. त्याच्या गिटारमुळे बँडला काय मिळत होते हे ऐकायचे असेल तर ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ लक्ष देऊन ऐकावे. गाण्याच्या मध्यावर बासरी एक साधी, करुण चाल वाजवते. ती मागे पडते, पियानो आणि सिंथेसायझर मोठा पल्ला गाठतात, आणि मग तीच बासरीची चाल हॅकेट गिटारवर उचलतो. एकेक स्वर तो इतका लांबवतो की गिटारची तार छेडली आहे हे जाणवतच नाही. व्हायोलिनसारखा अखंड नाद वाहत राहतो आणि खालून मेलोट्रॉन या ध्वनिमुद्रित सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचे सूर भरतीसारखे वाढत जातात. तेथे तो वेगाचे कसलेही प्रदर्शन करीत नाही. मूळ रचना बँक्सची आहे, पण गिटारशिवाय ती कागदावर राहिली असती असे मला वाटते. हॅकेटनंतर स्टुडिओत गिटारही रदरफर्डच वाजवू लागला. तो उत्तम रचनाकार आहे, परंतु असे दीर्घ गाणारे गिटारवादन ही त्याची प्रकृती नव्हे, आणि त्यामुळे बँडच्या आवाजातला एक रंग पुसला गेला तो कायमचा. जुन्या चाहत्यांच्या तक्रारींपैकी ही एक मला पूर्णपणे मान्य आहे, पण ती मांडताना ते नाव मात्र कॉलिन्सचे घेतात.

उरलेल्या तिघांनी १९७८ साली काढलेल्या अल्बममध्ये गाणी आखूड झाली आणि त्यातले ‘फॉलो यू फॉलो मी’ इंग्लंडमध्ये सातव्या क्रमांकावर पोहोचले. तोवर या बँडचे गाणे इतके वर कधी गेले नव्हते. साध्या प्रेमगीताचे शब्द रदरफर्डने लिहिले होते. १९८०च्या ‘ड्यूक’ने त्यांना इंग्लंडमध्ये प्रथमच अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले.

यानंतर जो बदल झाला तो रचनेपेक्षाही नादाचा होता, आणि ऐंशीच्या दशकातले जेनेसिस काहींच्या कानाला खुपते ते बव्हंशी या नादामुळे. त्याचे मूळ मोठे मजेदार आहे. १९७९ साली लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम आणि निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट एका गाण्यावर काम करीत होते आणि ड्रमवर कॉलिन्स होता. वादकाचे बोलणे काचेपलीकडच्या खोलीत ऐकू यावे म्हणून तेथे एक मायक्रोफोन टांगलेला असे, आणि लांबचे हळू बोलणेही स्पष्ट यावे म्हणून त्याचा आवाज कॉम्प्रेसर या लहानमोठा आवाज एका पातळीवर आणणाऱ्या उपकरणातून जबरदस्त दाबून उचललेला असे. कॉलिन्स वाजवत असताना तो मायक्रोफोन चालू झाला आणि ड्रमचा घुमारा अजस्र होऊन बाहेर आला. मग तो घुमारा हळूहळू विरू न देता नॉइज गेट या उपकरणाने मध्येच छाटून टाकण्यात आला. परिणाम असा की प्रचंड आघात ऐकू येतो आणि त्याच्या पाठोपाठ कोरडी शांतता. त्या सत्रात ड्रमरने झांजा वाजवायच्या नाहीत असा दंडकही होता, त्यामुळे हे आघात आणखी उघडे पडले. १९८१ साली कॉलिन्सच्या पहिल्या स्वतंत्र अल्बममधून हा नाद जगभर पोहोचला आणि दशकभर सर्वांनी त्याची नक्कल केली. परंतु टाउनहाउसमधले ते मूळ गाणे होते ‘इन्ट्रूडर’, अल्बम होता पीटर गॅब्रिएलचा, आणि झांजा नकोत हा दंडकही गॅब्रिएलचाच होता. तुमच्या मित्राला हे अवश्य सांगा.

‘ड्यूक’पर्यंत जेनेसिसबरोबर डेव्हिड हेन्शेल हा सहनिर्माता असे. १९८१च्या ‘अ‍ॅबाकॅब’साठी त्यांनी निर्मिती स्वतःकडे घेतली, ध्वनिमुद्रणासाठी पॅजमला बोलावले आणि सरे परगण्यातच स्वतःचा ‘द फार्म’ हा स्टुडिओ थाटला. आपल्याला सहज जमते ते टाळायचे असे त्यांनी जाणूनबुजून ठरवले होते. जाड, भरगच्च कीबोर्डची जागा मोकळ्या अवकाशाने घेतली आणि एका गाण्यात अर्थ, विंड अँड फायर या अमेरिकन बँडचे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाले वादकही आले. त्याच वर्षीच्या दौऱ्यात नेदरलँड्समधील लायडन येथे श्रोत्यांनी नव्या गाण्यांवर उघड नापसंतीचा आरडाओरडा केला. त्या श्रोत्यांचा राग मी समजू शकतो. त्यांनी दहा वर्षे ज्या गोष्टीसाठी बँडला जपले होते, नेमकी तीच बँडने ठरवून बाजूला ठेवली होती.

रचण्याची रीतही याच सुमारास पालटली. पूर्वी एकेकजण घरून बरेच काही बांधून आणी. बँक्सची गाणी तर वास्तुशिल्पीच्या नकाशासारखी आधीच आखलेली असत. त्यांत सूर एका ठिकाणाहून निघून भलत्याच ठिकाणी पोहोचत आणि तो प्रवास हाच त्यांचा गाभा असे. नंतर तिघेही रिकाम्या हाताने स्टुडिओत बसू लागले, ड्रम मशीनवर एक ठेका लावू लागले आणि तासन् तास वाजवून त्यातून गाणी निवडू लागले. १९८३चे ‘मामा’ हे गाणे असेच, रदरफर्डने लिन ड्रम मशीनवर बसवलेल्या एका खडबडीत ठेक्यातून निघाले. अशा पद्धतीत सुरांचा प्रवास आपोआप आखूड होतो, कारण तिघांनाही एकाच जागी बराच वेळ रेंगाळावे लागते. त्याच्या बदल्यात वातावरण, ताण आणि ठेका यांना बळ येते. जुन्या आणि नव्या चाहत्यांतला झगडा मला येथे येऊन सर्वांत स्पष्ट दिसतो. ज्याचे कान सुरांच्या वळणांकडे लागलेले असतात त्याला नवे जेनेसिस उणे वाटणार, आणि जो आवाजातली आर्तता आणि ठेक्याची पकड शोधतो त्याला जुने जेनेसिस पसरट वाटणार. गायकांच्या नावाने चालणारे हे भांडण पुष्कळदा ऐकण्याच्या दोन सवयींचे असते.

‘इनव्हिजिबल टच’बद्दल तुम्हाला माझे परखड मत आवडणार नाही कदाचित. त्यातली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या पाचांत पोहोचली, आणि तरीही त्या अल्बमचा नाद मला चपटा वाटतो. इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या पाट्या कॉलिन्ससारख्या वादकाच्या हाताखाली असणे हा मला त्याच्या हातांवरचा अन्यायच वाटतो, कारण खऱ्या ड्रमच्या कातड्यावर त्याच्या एकेका आघाताला जे वेगळे वजन असते ते या पाट्यांवर एकसारखे होऊन जाते. पण त्याच अल्बममध्ये जवळजवळ अकरा मिनिटांचे ‘डॉमिनो’ आहे. ते दोन भागांत उलगडते आणि त्याचे शब्द काळेकुट्ट आहेत. फक्त रेडिओवरची गाणी ऐकून निकाल देणाऱ्यांना हे गाणे ठाऊकच नसते. १९९१च्या ‘वी कान्ट डान्स’मध्येही दहा दहा मिनिटांच्या रचना आहेत, रेल्वेचे बोगदे खणणाऱ्या मजुरांवरचे ‘ड्रायव्हिंग द लास्ट स्पाइक’ त्यांतले एक. आणि गॅब्रिएल या काळात काही लांबलचक रूपकथा गात नव्हता. १९८६च्या जुलैमध्ये ‘इनव्हिजिबल टच’ हे त्या अल्बमचे शीर्षकगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. तेथून त्याला खाली खेचले ते गॅब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’ने, आणि ते ट्रम्पेटांच्या साथीचे, नाचण्याजोगे, सरळ पॉप गाणे आहे.

मतभेदात देशांचाही थोडा वाटा आहे. इटलीने या बँडला १९७२च्या आसपासच डोक्यावर घेतले होते, इंग्लंडमध्ये अजून त्यांची नीट ओळखही झाली नव्हती तेव्हा. अमेरिकेतल्या बहुसंख्य श्रोत्यांना मात्र ते ऐंशीच्या दशकातच भेटले.

माझ्या स्वतःच्या मांडणीला अडचणीत आणणारी एक गोष्ट आहे आणि ती सांगितली पाहिजे. १९९६ साली कॉलिन्स बाहेर पडला आणि बँक्स-रदरफर्ड यांनी रे विल्सन या नव्या गायकाला घेऊन १९९७ साली ‘कॉलिंग ऑल स्टेशन्स’ काढला. संगीत घडवणारे दोन हात तेच, गाणी लांब, रंग गडद, पॉपचा गोडवा जवळजवळ नाही. जुन्या चाहत्यांनी आनंदाने परत यायला हवे होते. अल्बम इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलाही, पण अमेरिकेत तो इतका पडला की तेथील दौरा रद्द करावा लागला आणि बँड थांबला. यावरून मला असे दिसते की बँक्स आणि रदरफर्ड पाया घालत असले, तरी त्यांना विरोध करणारा, त्यांच्या जडपणाला वाट करून देणारा तिसरा माणूस लागत असे. सुरुवातीला ते काम गॅब्रिएलने केले, नंतर कॉलिन्सने केले, आणि दोघांच्या अनुपस्थितीत तीच प्रतिभा कोंडल्यासारखी झाली.

चाहते एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसतात, पण या माणसांनी आपापसांत तसे वैर धरले नाही. गॅब्रिएलने सुरू केलेला वोमॅड हा संगीत महोत्सव १९८२ साली कर्जात बुडाला तेव्हा २ ऑक्टोबरला मिल्टन कीन्स येथे भर पावसात जेनेसिस त्याच्यासोबत उभे राहिले, आणि शेवटी हॅकेटही येऊन वाजवून गेला. २६ मार्च २०२२ रोजी लंडनच्या ओटू अरीनात बँडचा अखेरचा कार्यक्रम झाला. प्रकृतीमुळे कॉलिन्स खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा होता आणि गॅब्रिएल श्रोत्यांमध्ये होता.

तुम्हाला माझी एक सूचना आहे. ‘इनव्हिजिबल टच’वरून थेट ‘फॉक्सट्रॉट’वर उडी घेतल्यामुळे तुमची अडचण झाली आहे. मधला दुवा ‘ड्यूक’ आहे, आणि मला विचाराल तर हा बँडचा सर्वांत समतोल अल्बम आहे, कारण बँक्सच्या आखीव रचना आणि कॉलिन्सचे उघडे दुःख त्यात एकमेकांना न दडपता शेजारी नांदतात. त्यातले ‘टर्न इट ऑन अगेन’ आधी नुसते ऐका. गाणे इतके सरळ वाटते की पाय आपसूक ठेका धरतो. मग मात्रा मोजायला घ्या. आवर्तन तेरा मात्रांचे आहे आणि समेवर तुमचा पाय चुकेल. तेथून ‘अ ट्रिक ऑफ द टेल’, मग ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ असे मागे जात राहा, आणि ‘फॉक्सट्रॉट’ सर्वांत शेवटी, शांत वेळी, कोणतेही गाणे मध्ये न तोडता ऐका. मित्राला उलट्या दिशेने न्या: आधी ‘मामा’, नंतर ‘डॉमिनो’, आणि शक्य असेल तर चांगल्या हेडफोनवर, कारण ‘मामा’मधला तो ठेका लहान स्पीकरवर निम्मा हरवतो.